दोन सेनापतींचं कोडं

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदकडे जाताना कोणी पुण्यात शिकणाऱ्या लेकीला यूपीआयने पैसे धाडतो आणि नेमकी तेव्हाच डोंगराआड रेंज जाते. पडद्यावर ‘पेंडिंग’. पैसे गेले का? लेक संगणकशास्त्राची असेल, तर एव्हाना तिला वर्गात हेच कोडं घातलेलं असणार. अनेक यंत्रांनी मिळून एक काम करायचं, ही विद्या शिकवताना दोन सेनापतींना टाळता येत नाही.

मूळ कोड्यात मात्र सेनापती नव्हते, गुंडांच्या दोन टोळ्या होत्या. अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर या तिघांनी १९७५ साली नेटवर्कच्या मर्यादांवर निबंध लिहिला, त्यात त्या पहिल्यांदा आल्या. पुढे आयबीएमच्या जिम ग्रे यांनी म्यूनिकच्या एका अभ्यासवर्गासाठी डेटाबेसवर टिपणं काढली. ती १९७८ मध्ये छापली गेली, आणि त्यांत गुंडांचे सेनापती झाले होते. नाव रुळलं ते या टिपणांतून. मला तर हा बदल शिक्षकाचाच वाटतो: डोंगर, दरी आणि निरोप्या फळ्यावर काढता येतात.

आपल्याकडे ते तोरणा आणि राजगड काढावेत. एक फौज इथे, दुसरी तिथे, मध्ये शत्रू. (दोन्ही गडांना जोडणारी डोंगरधार आहे, हे ट्रेकर लगेच सांगतील. त्या धारेवरही शत्रूचीच चौकी आहे असं धरू.) दोघांनी एकदम चाल केली तर जय, एकट्याने केली तर नाश. निरोप्या वाटेत मारला जाऊ शकतो. तोरण्याने ‘उद्या पहाटे’ कळवलं. पोच येईपर्यंत त्याला भरवसा नाही. राजगडाने पोच धाडली. ती पोचली का, याचा आता राजगडाला घोर.

किती फेऱ्यांनी खात्री पटेल? समजा, पटते. अशा योजनांतली सर्वांत कमी निरोपांची योजना घ्या. तिच्यातला शेवटचा निरोप्या पोचला की मेला, हे धाडणाऱ्याला कधीच कळत नाही. तरी तो चाल करतो. म्हणजे समोरच्यानेही त्या निरोपाविना चाल करायलाच हवी. मग तो निरोप फुकटचा. तो गाळला की आणखी लहान योजना उरते, पण आपण तर सर्वांत लहान घेतली होती! खात्री अशक्य, हे एवढ्यात सिद्ध झालं.

याच घराण्यात १९८२ साली लॅम्पोर्ट, शोस्ताक आणि पीझ यांचे बायझंटाइन सेनापती जन्मले. तिथे निरोप्या शाबूत, पण सेनापतींतच फितूर. निरोप तोंडीच असतील, तर एका फितुराला पुरून उरायला किमान चार जण लागतात. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये ते एकटेच शिडाची होडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात गेले आणि परतले नाहीत. उपग्रहांची छायाचित्रं हजारो स्वयंसेवकांनी आपसांत वाटून तपासली, तरी माग लागला नाही.

खात्री नाही, म्हणून काम थांबतं असं नाही. चूक कोणत्या बाजूला पडू द्यायची, ते आधी ठरवायचं. भोरजवळच्या शिंदचे बाजीप्रभू १६६० च्या जुलैत घोडखिंडीत उभे राहिले, तेव्हाचा परंपरेने सांगितला जाणारा संकेत आठवा: राजे विशाळगडी पोचले की तोफांचे बार. बार खिंडीत ऐकू गेले का, हे गडाला कळणार नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. ऐकू न येते, तर खिंड लढत राहिली असती. राजांना धोका नव्हता. हरवलेल्या निरोपाची किंमत कोणी मोजायची, हे त्या संकेतातच ठरलेलं होतं.

यूपीआयचंही तसंच. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणून तोच निरोप दोनदा आला तरी यंत्रणा तो ओळखू शकते. आणि रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, बापाच्या खात्यातून वजा झालेली रक्कम लेकीला जमा झाली नाही, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला भरपाई १०० रुपये.