रोगी कीं अपराधी ?

कोणत्याहि सांसर्गिक रोगाचा इतिहास दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एक, रोग कसा पसरला व कशानें आवरला याचा. दुसरा, त्याच्या भयानें माणसांनीं माणसांस कसें वागविलें याचा. पहिला वैद्यांनीं लिहावा, दुसरा इतिहासाच्या अभ्यासकांनीं, अशी वांटणी सामान्यतः होते. परंतु एड्सच्या बाबतींत दुसरा इतिहास समजल्यावांचून पहिल्याचा उलगडाच होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

रोग आवरण्यासाठीं रोग्यास कोंडावें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १८६८ सालीं सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा करून वेश्यांची सक्तीनें नोंदणी व तपासणी चालविली, आणि ज्या रोगी आढळत त्यांस 'लॉक हॉस्पिटलां'त अडकवून ठेवण्याची व्यवस्था केली. गोऱ्या शिपायांचें रक्षण हा तिचा मुख्य हेतु. कायद्याचा बडगा मात्र केवळ स्त्रियांवर. परिणाम असा झाला कीं, अनेक स्त्रिया नोंदणी चुकवून दृष्टीआड झाल्या, व १८८८ सालीं हा कायदा रद्द करावा लागला. १८९७ सालच्या प्लेगांत पुण्यास झालेल्या घरझडत्यांची हकीकत तर वाचकांस नव्यानें सांगावयास नकोच. सक्तीनें रोग नाहींसा होत नाहीं, तो लपतो. हा धडा तेव्हांच मिळाला होता.

शंभर वर्षांनीं तो पुन्हा गिरवावा लागला. १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सोलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांस कांहीं स्त्रियांच्या रक्तांत एच्. आय्. व्ही. या विषाणूच्या संसर्गाची खूण आढळली. हा विषाणु शरीरसंबंधांतून, दूषित रक्तांतून, एकमेकांच्या सुया वापरल्यानें आणि मातेकडून अपत्यास जातो. स्पर्शानें, एका पंक्तीस जेवल्यानें किंवा डांस चावल्यानें जात नाहीं. ही गोष्ट त्या वेळींहि वैद्यकास ठाऊक होती. तथापि गोव्याच्या १९८५ सालच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यांत दुरुस्ती करून अशा रोग्यास अलग ठेवण्याची तरतूद करण्यांत आली.

तिचा पहिला आघात झाला तो डॉमिनिक डिसोझा या तरुणावर. तो स्वेच्छेनें रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारींत पोलिसांनीं त्यास नेलें, आणि क्षयरोग्यांसाठीं पूर्वीं बांधलेल्या एका ओसाड इमारतींत त्यास ६४ दिवस पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें. त्याची माता उच्च न्यायालयांत गेली. परंतु व्यक्तीच्या हक्कापेक्षां समाजाचें हित श्रेष्ठ, असें म्हणून न्यायालयानें ती तरतूद वैध ठरविली. समाजाचें हित श्रेष्ठ, हें आम्हांसहि मान्य आहे. प्रश्न एवढाच कीं, तें या उपायानें साधलें काय ? एकास कोंडलें, पण ज्यांची तपासणीच झाली नव्हती ते बाहेर होते, आणि तपासणीस गेल्यास कोठें जावें लागतें तें आतां त्यांनीं पाहिलें होतें. डिसोझा यानें सुटकेनंतर रोग्यांसाठीं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली. १९९२ सालीं तो वारला.

त्याच वर्षीं कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तींत डॉ. स्मरजित जाना यांनीं उलट मार्ग धरला. त्यांनीं वेश्यांस तपासणीचा विषय न मानतां, त्यांच्यांतूनच शिकविणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. निरोध वापरण्याचा आग्रह गिऱ्हाइकास एकटीनें नव्हे, तर सर्वजणींनीं मिळून धरावा, असा क्रम घातला. आपल्या सांगलींतहि अशाच स्त्रियांनीं १९९६ सालीं 'व्हॅम्प' हा आपला संघ उभारून हेंच कार्य हातीं घेतलें. १८६८ च्या कायद्यानें जिला दोषाचें मूळ ठरविलें होतें, तीच येथें रोगनिवारणाची आधार झाली.

न्यायालयाची दृष्टिहि पालटली. केवळ या विषाणूच्या कारणास्तव, काम करण्यास समर्थ असलेल्या मनुष्यास नोकरी नाकारतां येणार नाहीं, असें मुंबईच्या उच्च न्यायालयानें १९९७ सालीं ठरविलें. औषधांचेंहि असेंच. तीन औषधें एकत्र देण्याचा उपचार १९९६ पासून रूढ झाला, पण त्यास एका रोग्यामागें वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच औषधें गरीब देशांतील रोग्यांसाठीं ३५० डॉलरांत देऊं केलीं. आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांतून तीं विनामूल्य मिळूं लागलीं. तीं जन्मभर घ्यावीं लागतात, रोग समूळ जात नाहीं. परंतु तीं नियमित घेतल्यानें ज्याच्या रक्तांतील विषाणु तपासणींत दिसेनासा होऊन तसाच राहतो, त्याच्यापासून शरीरसंबंधानें दुसऱ्यास संसर्ग होत नाहीं, हें आतां सिद्ध झालें आहे. म्हणजे जो रोगी निर्भयपणें पुढें येतो, तोच समाजाचें रक्षण करतो. समाजाचें हित आणि व्यक्तीचा हक्क यांत विरोध नव्हताच.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें रोग्याच्या संमतीवांचून तपासणी करण्यास, त्याचें गुपित फोडण्यास व त्यास भेदभावानें वागविण्यास मनाई केली आहे. परंतु कायद्याचा अंमल कचेरींत व रुग्णालयांत चालतो. माजघरांत तो पोंचत नाहीं. विधवा सुनेचें ताट वेगळें मांडणारें घर, किंवा शेजारच्या मुलासंगें आपल्या मुलास खेळूं न देणारी आई, यांच्यावर कोणता शिपाई पाठवावा ? तेथें ६४ दिवसांचा नव्हे, जन्माचा कोंडवाडा आहे. आणि त्याच्या किल्ल्या सुशिक्षितांच्याच हातीं आहेत.