प्लेगचा फलाट आणि चंद्रावरची माती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला, आणि त्याच वर्षी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने आखलेला हा अडीच फुटी अरुंद मार्ग बार्शीला मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या बार्शी रोड स्टेशनाशी, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीशी, जोडत होता. बार्शी ही जुनी पेठ. निजामाच्या मुलखाला लागून असल्याने तिकडचा कापूस आणि धान्य बालाघाट उतरून इथे येई. पंढरीचे बरेच वारकरीही त्या काळी बार्शी रोडला उतरत आणि पुढचे तीस-एक मैल सडकेने जात. माल आणि माणसे यांची ये-जा झपाट्याने वाढवणारी गाडी आणि ती ये-जा अडवणारा कायदा एकाच वर्षी या मुलखात आले.

कायद्यामागे मुंबईचा प्लेग होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. मराठी वर्तमानपत्रांत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. घाबरलेली माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली आणि साथ त्यांच्यामागोमाग इलाखाभर पसरली. नव्या कायद्याने अधिकाऱ्यांना प्रवासी थांबवून तपासण्याचा, संशयिताला इस्पितळात किंवा वेगळ्या छावणीत ठेवण्याचा अधिकार दिला. मोठ्या स्टेशनांवर प्रवाशांना खाली उतरवून रांगेत उभे करीत. डॉक्टर नाडी पाही, ताप पाही, काखेत आणि जांघेत गाठ चाचपून बघे. बायकांची अशी तपासणी चारचौघांदेखत व्हावी, हे लोकांच्या जिव्हारी लागले आणि ते लागणे रास्तच होते. वरच्या वर्गाच्या डब्यांतल्यांना बरीच सवलत मिळे. जाच मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला आला. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडती घेतली. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर, चाफेकर बंधूंनी रँडवर केलेल्या गोळीबाराने झाला.

या सगळ्या बंदोबस्ताचा भर माणसांवर आणि त्यांच्या अंथरुणा-पांघरुणावर होता. रोग मात्र प्रामुख्याने उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरत होता. उंदरांना धान्याची कोठारे आणि कापसाच्या गाठी माणसांच्या डब्यांपेक्षा कितीतरी सोयीच्या होत्या. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवेचा दुवा दाखवला, पण बरीच वर्षे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी ते पुढे नेले. प्लेगने रिकाम्या पडलेल्या खोल्यांत त्यांनी गिनी पिग मोकळे सोडले. उंदीर मेल्यामुळे भुकेल्या झालेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि पिसवा वेचून मोजता आल्या. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने ही गोष्ट निर्विवाद झाली.

खेड्यापाड्यांतला उपाय यापेक्षा साधा आणि अधिक गुणकारी होता. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे आणि मळ्यात, माळावर झोपड्या घालून राहायचे. यात माणसे कोंडली जात नव्हती. रोगाचे घरच मागे सुटत होते. पुढे सरकारनेही सक्तीचे विलगीकरण सैल केले आणि असे स्थलांतर, उंदीरमार व हाफकिन यांची लस यांवर भर दिला. लसीची पहिली मात्रा वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली होती.

१९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली आणि यात्रेची गर्दी थेट चंद्रभागेपर्यंत जाऊ लागली. यात्रा आणि पालख्या म्हणजे रोगाची वाहने, अशी सरकारी आरोग्य खात्याची धारणा होती. पटकीच्या बाबतीत ती अगदीच निराधार नव्हती, कारण पटकी दूषित पाण्यातून पसरते आणि वाळवंटात लाखो माणसे उतरत. पण तिथे इलाज शुद्ध पाणी आणि संडास हा होता. वारकऱ्यांना टोचून घेण्याची सक्ती नंतरच्या काळात आली.

माणसांना वेगळे ठेवण्याचा असाच एक गाजलेला प्रयोग पुढे २४ जुलै १९६९ रोजी सुरू झाला. चंद्रावरून परतलेले अपोलो ११ चे नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स पॅसिफिक महासागरात उतरले. चंद्रावर जंतू असण्याचा संभव फार थोडा होता. पण असतील तर ते पृथ्वीवर मोकळे सुटू नयेत म्हणून चंद्र सोडल्यापासून २१ दिवस तिघांना वेगळे ठेवायचे ठरले होते. अंगभर बंद पोशाख घालून त्यांना हॉर्नेट जहाजावर आणले आणि एका बंद फिरत्या घरात ठेवले. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होता, म्हणजे फट राहिलीच तर हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना काचेआडून बोलावे लागले. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत चांद्रधूळ उंदीर, लावे, झुरळे आणि रोपे यांच्यावर तपासली गेली. १० ऑगस्टला तिघे बाहेर आले आणि ऑक्टोबरमधल्या जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले.

प्लेगप्रमाणेच इथेही गळती माणसांपाशी नव्हती. यान समुद्रात उतरताच त्याचे दार उघडावे लागले आणि आतली हवा, तिच्यातल्या धुळीसकट, उघड्यावर गेली. ते दार पोशाख आत देण्यासाठी उघडायलाच हवे होते; यान बंद ठेवून जहाजावर उचलण्याचा पर्याय धोक्याचा मानला गेला. चंद्रावर जंतू नव्हते म्हणून या उणिवेची किंमत कोणाला मोजावी लागली नाही. अपोलो १२ आणि १४ च्या वीरांनीही हा मुक्काम पाळला; १९७१ मध्ये अपोलो १५ पासून तो बंद झाला.

उड्डाणापूर्वीचे विलगीकरण मात्र टिकले. अपोलो १३ च्या वेळी जर्मन गोवराच्या संसर्गाची शंका आल्याने केन मॅटिंग्ली यांना ऐनवेळी मोहिमेतून वगळावे लागले आणि पुढच्या मोहिमेपासून अंतराळवीरांना आधीच वेगळे ठेवण्याची पद्धत पक्की झाली. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला हेही उड्डाणाआधी असेच विलगीकरणात होते.