हात धुणारे शिलेदार

इ. स. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील सूतिकागृहांत डॉ. सेमेलवाईस यांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्याविना कोणींहि रुग्णेस स्पर्श करूं नये, असा दंडक घातला. मातांचे प्राण वांचूं लागले. तरी कित्येक वैद्यपंडितांना त्यांत आपला अपमानच दिसला. प्रौढ आणि त्यांतून विद्वान् मनुष्यास हात धुण्यास शिकविणें किती अवघड, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाहीं.

लहान मुलांना हाच पाठ देण्याचा एक मोठा आणि कांहींसा गमतीचा प्रयोग अमेरिकेंत झाला. तेथील क्षयनिवारक संस्था नाताळांत तिकिटें विकून पैसा उभारीत असे. तीं विकणाऱ्या मुलांमधून १९१५ च्या सुमारास ‘मॉडर्न हेल्थ क्रूसेड’ ही चळवळ निघाली. प्रत्येक मुलाच्या हातीं नित्यकर्मांचा एक तक्ता येई. त्यांतील पहिलेंच कर्म जेवणापूर्वीं हात धुण्याचें. मग नखें, दांत, मोकळी हवा, वेळेवर झोंप. जें पार पडलें त्यापुढें खूण करावयाची. ठराविक आठवडे व्रत निभावलें म्हणजे प्रथम ‘पेज’, मग ‘स्क्वायर’, आणि पुढें साक्षात् ‘नाईट’! जंतूंवरील व्याख्यानापेक्षां हें सरदारकीचें आमिष अधिक फळलें. लक्षावधि मुलें या सेनेंत दाखल झालीं.

परंतु तक्त्यावरील ती खूण सर्वांना सारखी सोपी नव्हती. न्यूयॉर्कसारख्या शहरांतील जुन्या चाळींत बाहेरच्या देशांतून आलेलीं गरीब कुटुंबें राहत. मजल्यावरील एका नळावर अनेक बिऱ्हाडें पाणी भरीत. तेथील मुलानें खूण खोटी करावी, कीं सरदारकी सोडावी? मलीन हातांचा दोष मुलाचा कीं घरमालकाचा, हा प्रश्न त्या तक्त्यांत कोठेंच नव्हता.

१९२७ सालीं साबणाच्या कारखानदारांनीं ‘क्लीनलिनेस इन्स्टिट्यूट’ काढली. हेतु उघड होता: धूळ कमी, धूर कमी, आणि सौंदर्यप्रसाधनांची चढाओढ, यांमुळें साबणाच्या खपाची चिंता. तरीहि या व्यापाऱ्यांच्या संस्थेनें एक गोष्ट ध्यानांत घेतली, जी पुष्कळ उपदेशकांच्या नजरेंतून सुटली होती. धडे देण्यापूर्वीं तिनें शाळांची पाहणी केली, आणि कित्येक ठिकाणीं साबण, ऊन पाणी व पुसण्यास टॉवेल यांचीच वाण आढळली. पुस्तकें मात्र सुबक निघालीं. ग्रेस हॅलॉक यांचें स्नानाच्या इतिहासावरील मुलांचें पुस्तक १९२८ चें. मंदीच्या काळांत, १९३२ सालीं, संस्था बंद पडली.

पुढें २००१ सालीं साबणाचे कारखानदार आणि युनिसेफसारख्या संस्था पुन्हा एकत्र आल्या. त्यांच्या प्रयत्नांतून १५ ऑक्टोबर २००८ रोजीं पहिला जागतिक हस्तप्रक्षालन दिन पाळला गेला. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या गणनेप्रमाणें २०१९ सालीं जगांतील ८१ कोटी ८० लक्ष मुलांच्या शाळांत हात धुण्याची प्राथमिक सोयहि नव्हती.