दूरच्या यंत्राचें दार

दूर ठेवलेल्या यंत्राशीं बोलूं पाहणाऱ्या मनुष्यास पुष्कळदां प्रथम अपयशच भेटतें. घरीं बसून व्हीपीएनच्या द्वारें कचेरींतील सर्व्हर उघडूं जावें, तर पडदा रिकामा तो रिकामाच! दोष आपला, वाटेचा, कीं पलीकडच्या यंत्राचा, हें कांहीं केल्या उमगत नाहीं. परंतु या विद्येचा आरंभच एका बिघाडानें झाला आहे, आणि तो ज्या रीतीनें शोधला गेला ती रीत अद्यापि जुनी झालेली नाहीं.

ता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीं साडेदहाच्या सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत हा प्रसंग घडला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी यंत्रापुढें बसला होता. सुमारें साडेतीनशें मैलांवर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत बिल डुव्हाल दुसऱ्या यंत्राजवळ होता. संरक्षण खात्याच्या पैशानें उभारलेल्या अर्पानेट या जाळ्याचीं हीं पहिलीं दोन टोकें. दोन्ही संगणक भिन्न जातीचे. म्हणून प्रत्येकाशेजारीं केवळ निरोप पोंचविणारें एकेक यंत्र ठेवलेलें होतें.

क्लाइनला 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द एकेक अक्षरानें पाठवावयाचा होता. दोघेही टेलिफोनवर बोलत होते. 'एल' पाठविलें; पलीकडून होकार आला. 'ओ' पाठविलें, तेंही पोंचलें. 'जी' पाठवितांच स्टॅनफर्डचा संगणक कोलमडला!

दोन अक्षरें सुखरूप पोंचलीं होतीं; तेव्हां तार आणि निरोप्या यंत्रें यांवरचा संशय दूर झाला. दोष पलीकडच्या संगणकांत सांपडला. 'जी' ओळखून तो उरलेला शब्द आपणच पुरा करी आणि अनेक अक्षरें एकदम परत धाडी. तीं मावण्यास ठेवलेली जागा मात्र एकाच अक्षरापुरती होती. डुव्हालनें ती जागा वाढविली, आणि सुमारें तासाभरानें दार उघडलें.

त्या काळीं जाळें मोजक्या विश्वासू मंडळींचें होतें. कुलुपाची निकड भासली नाहीं. पुढें इंटरनेट हा सर्वांचा राजमार्ग झाला. दोन गांवच्या कचेऱ्या जोडण्यास खाजगी तार भाड्यानें घेणें फार खर्चाचें. म्हणून राजमार्गावरूनच गुप्त लिपींत निरोप नेणारा जणूं एक बोगदा खणण्याची युक्ति निघाली. १९९५ सालीं आयपीसेक या पद्धतीचे नियम प्रथम प्रसिद्ध झाले. १९९९ सालीं पीपीटीपीचे झाले. हाच व्हीपीएन होय.

कुलुपाबरोबर नवे घोटाळेही आले. १९९६ सालच्या एका नियमानें कांहीं अंक-पत्ते खाजगी वापरासाठीं राखून ठेवले; ते कोणीही आपल्या घरांत वा कचेरींत वापरावे. त्यामुळें घरचे आणि कचेरीचे पत्ते कधीं तंतोतंत एकच निघतात. मग बोगदा उघडतो, परवलीचा शब्दही मान्य होतो, पण सर्व्हरसाठीं निघालेला निरोप घरांतल्या घरांतच घुटमळतो!

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें भारतांत टाळेबंदी झाली आणि कित्येकांची कचेरी या बोगद्यापलीकडे राहिली. तो बंद म्हणजे दिवसाचें काम बंद. आणि ठपका बहुधा घरीं बसलेल्या माणसावर. अशा वेळीं उपयोगी पडते ती १९६९ चीच रीत. प्रथम इंटरनेट चालतें काय तें पाहावें. मग बोगदा उघडतो काय. मग सर्व्हर अंक-पत्त्यानें ओ देतो काय. आणि शेवटीं नांवानें देतो काय. जेथवर होकार येतो तेथवरची वाट निर्दोष. दोष त्याच्या पुढें. आणि होकार देण्यास पलीकडे एखादा माणूस टेलिफोनवर असावा. त्या रात्रीं डुव्हाल टेलिफोनवर नसता, तर 'जी' कोठें हरपलें हें क्लाइनला साडेतीनशें मैलांवरून कसें कळतें?