महामारी आणि औषधविक्रेता : जालना परिसराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

ज्या व्यवसायाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्यास मराठीत एकच सर्वमान्य शब्द नाही. कायद्याच्या भाषेत तो ‘औषधनिर्माता’. दुकानाच्या पाटीवर ‘मेडिकल’. वृद्धांच्या तोंडी अजूनही ‘कंपाउंडर’. आणि काष्ठौषधी, अर्क व चूर्णे विकणारा जुन्या पेठेतील माणूस ‘अत्तार’. चार नावे ही चार काळांची खूण आहे. महामारीचा इतिहास लिहिताना डॉक्टर, सरकार, सैन्य आणि पुढारी यांची दखल आपण घेतो. परंतु रोग्याच्या हातात प्रत्यक्ष पुडी किंवा बाटली ठेवणारा हा मनुष्य तळटीपेतही क्वचितच येतो. ही उपेक्षा का झाली आणि तिच्यामुळे आपल्या आकलनात कोणती उणीव राहिली, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

जालना परिसराची घडण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणीत मोडत असे. त्यामुळे येथील रोगराईचे कागद एका ठिकाणी सापडतील अशी अपेक्षाच करू नये. औषधोपचाराच्या परंपराही येथे एकाशेजारी एक नांदत होत्या. संस्थानचा राजाश्रय लाभलेली युनानी वैद्यकी, गावोगावचे वैद्य, कंटिन्जंट फौजेची छावणी आणि स्कॉटिश मिशनचे कार्य, अशा निरनिराळ्या वाटांनी निरनिराळी औषधे ह्या भागात आली. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे जालन्यावरून धावू लागली. कापूस आणि धान्य जसे त्या मार्गाने गेले, तशाच औषधांच्या पेट्याही आल्या. आणि रोगही आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यातील घरझडत्या आणि २२ जूनचा रँडवरील हल्ला हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना मात्र भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत घडत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मांसरसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढविले, ते उष्णतेने मारले, त्यांत कार्बोलिक आम्ल घातले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ह्या कृतीकडे आपण शोध म्हणून पाहतो, व ते योग्यच आहे. परंतु एकदा शोध लागल्यावर पुढचे काम औषधनिर्मितीचे होते. लाखो मात्रा, प्रत्येक बाटली सारखी, प्रत्येक बाटली निर्जंतुक, प्रत्येक बूच घट्ट. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली, ती ह्याच कामाचा व्याप वाढल्यामुळे.

ह्या कामात केवढी जोखीम होती हे पंजाबातील मुल्कोवाल गावी दिसून आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांस लस टोचण्यात आली; त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. पंजाबातून लशीची मागणी अफाट होती. ती पुरी करण्यासाठी परळ येथे कृतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते व केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेकडे दिला आणि हाफकिन यांचे पद गेले. पुढे असे स्पष्ट झाले की, गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी हा विषय लावून धरला व १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. ह्या प्रकरणाची चर्चा बहुधा एका थोर शास्त्रज्ञावरील अन्याय म्हणून होते. प्रस्तुत लेखकास त्यात दुसरेही काही दिसते. मागणीच्या दडपणाखाली कृती बदलावी की नाही, हा परळचा प्रश्न. आणि पडलेला चिमटा पुन्हा उकळावा की रांग पुढे सरकवावी, हा मुल्कोवालचा प्रश्न. दोन्ही प्रश्न औषधे हाताळणाऱ्याचे आहेत. साथीच्या दिवसांत ते घाईतच सोडवावे लागतात.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने निराळाच पेच उभा केला. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली. दुसरी सप्टेंबरपासून, आणि ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. रेल्वेच्या वाटेने ताप दख्खनभर पसरला. १९११ मध्ये हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आली. ही घट केवळ इन्फ्लुएन्झाची म्हणता येणार नाही. प्लेग आणि दुष्काळ यांचा वाटा तीत आहेच. तथापि दहा वर्षांत नऊ लाखांची तूट पडावी, हे त्या पिढीने काय पाहिले असेल याचे माप आहे.

त्या वेळी रोगावर औषधच नव्हते. सल्फा औषधे १९३० नंतरच्या दशकातली, पेनिसिलिन त्याहून पुढचे. अनेक डॉक्टर महायुद्धावर गेलेले. अशा स्थितीत दवाखाना म्हणजे व्यवहारात कंपाउंडर. खलात पूड घोटणे, मिक्श्चर तयार करणे, बाटलीवर कात्रीने कापलेली कागदाची दातेरी पट्टी चिकटवून मात्रा दाखविणे, आणि निरक्षर रोग्यास त्या पट्टीचा अर्थ बोटाने समजावून देणे ही त्याची विद्या. (ती कागदी पट्टी ज्यांनी पाहिली आहे असे वाचक आता थोडेच उरले असतील.) कुनैन हिवतापावर गुणकारी, म्हणून ह्या तापावरही देत. ॲस्पिरिनने ताप उतरे. त्या काळच्या मोठ्या मात्रांनीच काही रोगी दगावले असावेत, असा तर्क कॅरन स्टार्को यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या संदर्भात मांडला आहे. तो येथे जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. परंतु ‘दिले त्याने अपाय तर झाला नाही ना’ हा प्रश्न औषध देणाऱ्याच्या इतिहासात विचारलाच पाहिजे.

कायद्याने ह्या मनुष्यास ओळखले ते फार उशिरा. कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये औषधांतील भेसळ आणि अप्रशिक्षित विक्री यांवर बोट ठेवले. १९४० मध्ये औषध कायदा व १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. पहिली नोंदणी करताना पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे दवाखान्यात औषधे बनविण्याचा अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही सामावून घेण्यात आले. एका अर्थाने १९१८ च्या पिढीला दिलेली ती उशिराची पावती होती.

आता अलीकडची साथ. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तीत औषधाची दुकाने उघडी राहिली. लगेच २६ मार्चला केंद्र सरकारने दोन अधिसूचना काढल्या. एकीने औषधे घरपोच देण्यास मुभा दिली. दुसरीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीस ‘एच-१’ परिशिष्टाच्या अटी लावल्या. संधिवाताच्या व ल्यूपसच्या रोग्यांना रोज लागणारे हे औषध धास्तावलेल्या लोकांनी उचलण्यास आरंभ केला होता. जूनमध्ये इंग्लंडातील रिकव्हरी चाचणीने ते रुग्णालयातील रोग्यांस निरुपयोगी ठरविले. म्हणजे त्या आठवड्यांत विक्रेत्याचे मुख्य कर्तव्य देण्याचे नसून नाकारण्याचे होते, आणि नकार द्यावयाचा तो शेजाऱ्याला, उधारीच्या जुन्या गिऱ्हाइकाला, कदाचित गावच्या पुढाऱ्याला. तेलंगणात व आंध्र प्रदेशात एप्रिल २०२० मध्ये तापाच्या गोळ्या नेणाऱ्यांची नावे कळविण्याचे काम विक्रेत्यांवर सोपविले गेले. १८९७ मध्ये झडतीच्या भयाने रोगी लपविले जात. खबर देणाऱ्या दुकानापासून रोगी दूर राहील, ही शंका तेव्हाच्या अनुभवावरून सहज येण्यासारखी होती.

एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरचा तुटवडा झाला. ११ एप्रिलला त्याची निर्यात थांबविण्यात आली. महाराष्ट्रात त्याचे वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली थेट रुग्णालयांना होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता, आणि ज्याने मृत्यू खरोखर कमी होतात असे जून २०२० मध्ये दिसले होते, ते डेक्सामेथासोन अत्यंत स्वस्त होते. पण ते स्टेरॉइड असल्याने वेळेआधी वा अवाजवी घेतल्यास घातक; त्याच मे महिन्यात म्युकरमायकोसिसच्या रोग्यांसाठी ॲम्फोटेरिसिनची शोधाशोध सुरू झाली. महाग औषधाच्या मागे धाव आणि स्वस्त औषधाचा अतिरेक, ह्या दोहोंच्या मध्ये काउंटरमागचा मनुष्य उभा होता. त्यावेळचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे जालना जिल्ह्यातीलच. त्यामुळे सरकारी बाजूची नोंद ह्या जिल्ह्यापुरती तरी विपुल राहील. दुकानाच्या बाजूची राहील काय?

येथे एक व्यावहारिक गोष्ट विभागापुढे ठेवणे अगत्याचे आहे. ‘एच-१’ नोंदवहीत औषध लिहून देणाऱ्याचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि परिमाण लिहावे लागते, व ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यानंतर तसे बंधन नाही. २०२० व २०२१ च्या वह्यांची ती मुदत संपून गेली आहे. कोणत्या आठवड्यात कोणते औषध कोणाच्या सल्ल्याने किती गेले, हे सांगणारे दुसरे साधन तालुक्याच्या पातळीवर मिळणे कठीण. आणि जुन्या वह्यांची नेहमीची वाट रद्दीच्या दुकानाकडे जाते. रोग्यांची नावे हा अडचणीचा भाग आहे हे खरे. परंतु विक्रेत्याच्या संमतीने, त्याच्याच दुकानात बसून, नावे व पत्ते न उतरविता केवळ तारीख, औषध आणि परिमाण यांची नक्कल करता येईल. जालना शहर सोडून प्रथम भोकरदन, जाफ्राबाद, मंठा व घनसावंगी येथील लहान दुकानांपासून आरंभ करावा. तेथे वह्या थोड्या आहेत आणि त्या लिहिणारी माणसे अजून दुकानात बसतात.