नरनाळ्याची टाकी



गेल्या माघात माझी कॉलेजातली मैत्रीण अमरावतीहून अकोल्याला आली. तिला बिबट्या पाहायचा होता, मला टाकी. दोन्हीसाठी एकच जागा, अकोट तालुक्यातला नरनाळा. किल्लाही आहे आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं अभयारण्यही. दशम्या, मुगाची चटणी, गाळलेलं पाणी बांधून पहाटेच निघालो. सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवायचं, हे ठरलेलंच.

टाक्यांचं वेड मला सासऱ्यांमुळे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात नरनाळ्यावरच्या चार विलक्षण दगडी टाक्यांची नोंद आहे, आणि ती मुसलमानी अंमलापूर्वीचं जैनांचं काम असल्याचं समजतात, असं त्यात लिहिलंय. ते वाक्य सासरे दर पर्युषणात एकदा तरी ऐकवायचे.

शहानूरच्या फाटकावर नावं लिहून, गाइड घेऊन वर गेलो. महाकाली दरवाजापाशी मात्र मी टाकी विसरलेच. पांढरट दगड, त्यात कोरलेली कमळं, वर अरबी अक्षरं. शिलालेखात १४८७ सालचं बांधकाम आणि फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कचं नाव. हा जन्माने कानडी हिंदू, लहानपणी लढाईत पकडलेला. पुढे १४९० मध्ये हाच वऱ्हाडचा पहिला इमादशहा झाला. एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, ही त्याची राजधानी.

दरवाजाकडे असा लेखी पुरावा आहे. टाक्यांकडे फक्त ते 'समजतात'.

मैत्रीण म्हणाली, "अगं, आपल्याच लोकांनी बांधलीत. ग्रुपवर टाक ना!" मी म्हटलं, बी.कॉम.ला काय शिकलो आपण? व्हाउचर नाही तर नोंद नाही. ती चिडलीच थोडी. तिचंही अगदी चूक नव्हतं. हरिषेणाने 'धम्मपरिक्खा' अचलपुरातच लिहिली, ती इ. स. ९८८ मध्ये. मुक्तागिरी त्याच डोंगररांगेत, आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेतला ईल राजाही अचलपूरचाच. जैन इथे होते, यात शंका नाही. पण शेजार होता म्हणून घर आपलं होत नाही.

मला गुंतवलं ते पाण्याने. एवढ्या उंचावर नदी कुठली? पावसाचंच पाणी तळ्यांत, टाक्यांत धरून शिबंदीने दिवस काढले. शक्कर तलावाकाठी बसले आणि सासूबाई आठवल्या. विहिरीचं पाणी गाळून झालं की गळणं उलटं करून, थोड्या पाण्याने धुऊन, जिवाणी त्याच विहिरीत हळूच सोडायच्या. दुसऱ्या विहिरीत नाही. नळ आल्यावर आमच्या घरात ते सुटलं. गळणं मी अजून नळाला बांधते, पण त्यातले जीव सोडायचे कुठे, याचं उत्तर सासूबाईंनाही देता आलं नव्हतं.

काठच्या चिखलात खुरांचे ठसे होते. सांबराचे, गाइड म्हणाला. ज्यांनी हे पाणी साठवलं त्यांच्यातलं कुणी उरलं नाही, आता पितात ही.

बिबट्या दिसला नाही. वानरं भरपूर. एकाने दशमीवर नजर ठेवली होती, पण गाइडने डबा उघडूच दिला नाही. शेवटी गाडीत बसून खाल्लं.

फोटो तिने ग्रुपवर टाकलाच, 'आपल्या पूर्वजांची टाकी' म्हणून. खाली मी दोनच शब्द लिहिले, 'असं समजतात.' दोन दिवस तिचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी आला, गॅझेटियरचं पान कुठलं ते विचारायला.