वेदीपरिसरासाठी फिरते दिवे : निवडीपूर्वीचा विचार

नाताळ, पास्काजागर, धर्मग्रामाचा सण किंवा गुरुदीक्षा अशा प्रसंगी वेदी उजळून दिसावी, ही प्रत्येक धर्मग्रामाची साहजिक इच्छा असते. या इच्छेतूनच रंगमंचावरील फिरते दिवे, म्हणजे ‘मूव्हिंग हेड’, वेदीपरिसरात बसवावेत काय, असा प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत उपस्थित होतो. या दिव्यांचा खर्च श्रद्धावंतांच्या दानातून होतो आणि त्यांचा प्रकाश आपल्या उपासनेच्या सर्वांत पवित्र स्थानी पडतो. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

दिव्यांचा उगम

संगणकाच्या आज्ञेने वळणारा व रंग बदलणारा व्हॅरी-लाईट दिवा १९८१ साली बार्सिलोना येथे ‘जेनेसिस’ या संगीतसमूहाच्या कार्यक्रमात प्रथम वापरला गेला. पुढे नाटक, दूरचित्रवाणी आणि अमेरिकेतील मोठ्या इव्हँजेलिकल सभागृहांत असे दिवे रूढ झाले. तेथे ‘सँक्च्युअरी’ हा शब्द बहुधा संपूर्ण प्रार्थना-सभागृहासाठी वापरतात. कॅथलिक परंपरेत मात्र त्याचा अर्थ वेदी, वाचनपीठ व प्रमुख याजकाचे आसन असलेला मंचभाग एवढाच आहे. त्या सभागृहांसाठी लिहिलेला सल्ला आपल्या मंदिरात जसाच्या तसा लागू होत नाही, याचे हे एक कारण होय.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या पवित्र उपासनेवरील संविधानात विधींमध्ये उदात्त साधेपणा असावा, असे सांगितले आहे (परिच्छेद ३४). पवित्र कलेत नुसत्या वैभवापेक्षा उदात्त सौंदर्याला प्राधान्य द्यावे, असेही त्यात नमूद आहे (परिच्छेद १२४). १९८३ च्या कॅनन लॉमधील १२२० वे कलम मंदिराची स्वच्छता व सौंदर्य जपण्यास आणि त्या स्थानाच्या पावित्र्याशी विसंगत असेल ते दूर ठेवण्यास सांगते. वेदीवर किंवा वेदीजवळ किमान दोन मेणबत्त्या पेटलेल्या असाव्यात आणि पवित्र साक्रामेंताच्या मंजूषेजवळ तेलाचा किंवा मेणाचा दिवा अखंड तेवत असावा, हा नियम आपण सर्व जाणतोच. विजेच्या प्रखर झोतात या ज्योती दिसेनाशा झाल्या, तर उजेड वाढूनही चिन्ह हरवते.

यावरून आम्ही एकच कसोटी सुचवितो : मिस्साबलिदान चालू असताना दिवा हलताना दिसता कामा नये. भाविकाने वेदीकडे पाहावे, दिव्याकडे नव्हे.

मग फिरता दिवा कशासाठी?

फिरत्या दिव्याचा खरा उपयोग दोन उपासनांच्या मधल्या वेळात आहे. डिसेंबरमध्ये गोठ्यावर, गुड फ्रायडेला क्रुसावर, विवाहाच्या दिवशी वधूवरांच्या आसनांवर आणि एरवी वाचनपीठावर असा एकच दिवा शिडी न लावता वळविता येतो. उंच छताच्या मंदिरात यामुळे श्रम आणि धोका दोन्ही कमी होतात. वर्षभर दिव्यांची दिशा बदलावी लागत नसेल, तर चांगले स्थिर दिवे स्वस्त, शांत आणि अधिक टिकाऊ ठरतात.

तीन प्रमुख प्रकार

बीम : हा अतिशय अरुंद व तीव्र झोताचा दिवा. वराती व मंडपांतून त्याला सरसकट ‘शार्पी’ म्हणतात. तो हवेत प्रकाशाचे खांब उभे करण्यासाठी असतो आणि त्यासाठी धूर सोडावा लागतो. वेदीपरिसरात त्याचे प्रयोजन नाही.

प्रोफाईल किंवा स्पॉट : याच्या झोताची कडा रेखीव असते. काही प्रकारांत आतील पात्यांनी झोताला चौकोनी आकार देता येतो, त्यामुळे वेदी उजळते आणि मागील भिंत अंधारात राहू शकते.

वॉश : याचा प्रकाश मऊ व पसरट असतो. वेदीमागील भिंतीवर किंवा संपूर्ण मंचावर समप्रमाणात उजेड देण्यासाठी तो योग्य होय.

बहुतेक मंदिरांना वॉश आणि पात्यांचा प्रोफाईल एवढे दोनच प्रकार पुरेसे होतात. झोत किती मोठा हवा, हे अंतरावरून ठरते. गायकवृंदाच्या माडीवरून १८ मीटर दूर असलेल्या वेदीवर १० अंशांचा झोत साधारण ३ मीटर रुंद पडतो. ८ मीटरवरून ३६ अंशांचा झोत सुमारे ५ मीटर रुंद होतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन अंतरे मोजावीत. दिवे समोरून दोन्ही बाजूंना, सुमारे ४५ अंश उंचीवर असावेत. प्रकाश सरळ डोक्यावरून आल्यास याजकाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात; फार खालून आल्यास त्यांचे डोळे दिपतात. ज्या वृद्धांना ऐकू कमी येते, ते वाचकाच्या ओठांकडे पाहून वाचन समजून घेतात, हेही ध्यानात ठेवावे.

काय तपासावे?

आवाज : या दिव्यांत थंडाव्यासाठी पंखा असतो. दुकानाच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, परंतु कम्युनियननंतरच्या शांततेत ऐकू येतो. नमुन्याचा दिवा मंदिरात आणवावा, छताचे पंखे बंद करून रात्री तो अर्धा तास पूर्ण प्रकाशात चालू ठेवावा आणि पहिल्या बाकावर शांत बसून ऐकावे.

प्रकाशाचा दर्जा : केवळ लाल, हिरवा व निळा मिसळून पांढरा केलेला प्रकाश चेहरे निस्तेज करतो आणि उपासनावस्त्रांचे रंग बिघडवितो. जांभळा व हिरवा यांना आपल्या उपासनेत अर्थ आहे. ते खरे दिसले पाहिजेत. रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० किंवा अधिक असलेला आणि सुमारे ३२०० केल्विनचा उबदार पांढरा प्रकाश देणारा दिवा निवडावा. रंगीत प्रकाश हवाच असेल, तर तो मागील भिंतीपुरता, तोही मंद ठेवावा. वेदी, पवित्र भाकर आणि याजकाचा चेहरा पांढऱ्या प्रकाशातच असावा.

कॅमेरा : २०२० च्या टाळेबंदीपासून अनेक मंदिरांतून मिस्साचे थेट प्रक्षेपण होऊ लागले. काही एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण कॅमेऱ्यात त्यांच्या प्रकाशाचे पट्टे उमटतात. आपल्याच कॅमेऱ्याने, दिवा मंद करूनही, चाचणी घ्यावी.

वजन व आधार : असा दिवा १० ते ३० किलो वजनाचा असू शकतो आणि वळताना आधाराला हिसका देतो. कौलारू छताच्या जुन्या लाकडी तुळयांवर तो टांगण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचे लेखी मत घ्यावे. प्रत्येक दिव्याला मुख्य क्लॅम्पखेरीज पोलादी सुरक्षातार असलीच पाहिजे, कारण खाली बालके व वेदीसेवक असतात.

हवामान : वसईसारख्या किनारपट्टीवर खारी हवा व पावसाळी दमटपणा यांमुळे धातू गंजतो आणि पंख्यात धूळ चिकटते. वर्षातून किमान दोनदा साफसफाई कोण करील, हे खरेदीपूर्वीच ठरवावे.

झगमगाट : वेगाने लुकलुकणारा प्रकाश अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतो. ही सुविधा नियंत्रकात कायमची बंद ठेवावी.

वीज गेल्यास

ही बाब माहितीपत्रकात सहसा ठळक नसते. वीज परत येताच फिरता दिवा आपली जागा ओळखण्यासाठी स्वतःभोवती व वरखाली पूर्ण वळतो. मिस्सा चालू असताना वीज जाऊन जनरेटर सुरू झाला, तर सर्व दिवे एकाच वेळी अशा प्रकारे वळू लागतील. कदाचित नेमक्या त्या क्षणी, जेव्हा पवित्र भाकर उंच धरलेली असेल. यासाठी फिरत्या दिव्यांना पुरेशा क्षमतेचा यूपीएस द्यावा आणि वेदीवरचा मुख्य प्रकाश स्थिर दिव्यांचाच ठेवावा. जुन्या पद्धतीचे डिस्चार्ज बल्ब तर थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाहीत. म्हणून एलईडीच घ्यावा. दिवे रोज उपासनेच्या निदान अर्धा तास आधी चालू करावेत.

पास्काजागराची रात्र

प्रकाशयोजनेची खरी परीक्षा या रात्री होते. मंदिर अंधारात असते, पास्का मेणबत्ती पुढे जाते आणि तिच्यापासून भाविकांच्या मेणबत्त्या पेटतात. तिसऱ्या घोषणेनंतर मंदिरातील दिवे लागतात. वेदीवरील मेणबत्त्या मात्र ग्लोरियाच्या वेळी पेटविल्या जातात. एखादा दिवा आधी लागला किंवा नियंत्रकाचा पडदा माडीवर चमकत राहिला, तर त्या एका ज्योतीचे मोल कमी होते. म्हणून शून्यापासून सावकाश, धक्का न देता वाढणारा प्रकाश देणारा दिवाच पसंत करावा.

निर्णयाची रीत

प्रथम वेदी, वाचनपीठ व मंजूषा यांवर उत्तम स्थिर दिवे असावेत. त्यानंतर खरी गरज दिसल्यास दोन ते चार फिरते दिवे घ्यावेत. प्रस्ताव पॅरिश अर्थसमितीपुढे ठेवताना दिव्यांच्या किमतीसोबत नियंत्रक, वायरिंग, यूपीएस, देखभाल आणि सुट्या भागांचा खर्चही मांडावा. नेहमीच्या उपासनांसाठी चार-पाच प्रकाशरचना आधीच साठवून ठेवाव्यात आणि किमान तीन व्यक्तींना प्रशिक्षण द्यावे. त्यांतील एखाद्या तरुणाने प्रत्येक भक्तिगीताला नवा रंग देण्याचा मोह आवरला, तर तीही एक सेवाच आहे.

उपासनेहून घरी परतणाऱ्या भाविकाला आज दिवे कोणते होते हे आठवू नये. वेदीवर काय घडले हे मात्र आठवावे. दिवा निवडताना आपण हेच उद्दिष्ट समोर ठेवू या.